मी आत होतो

या वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरी लेक आली. मंडळातल्या बहुतेकांनी तिला गणपतीत पाहिलं आहे. आरतीला एवढ्या झांजा वाजत असताना जी एकटीच गाढ झोपली होती, ती आमची. त्याच दिवशी प्रसादाच्या रांगेत संपादकांनी मला गाठलं आणि म्हणाले, "बाळंतपणावर दर वर्षी बायकाच लिहितात, यंदा तुम्ही लिहा." मी हसून म्हटलं, "मी काय लिहू? मी नुसता उभा होतो." घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तेच लिही."

आमच्या घराण्यात बाळंतपण ही पुरुषांनी बाहेरून ऐकायची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जायची. जावयाला काय ते पत्राने किंवा तारेने कळायचं आणि तो एकदम बारशालाच हजर व्हायचा. माझा जन्म 1988 सालचा, कराडचा, म्हणजे आईच्या माहेरचा. बाबा तेव्हा डोंबिवलीला राहत आणि फोर्टात नोकरी करत. त्यांना ऑफिसात तार मिळाली. मुलगा झाला, दोघे सुखरूप. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की तीत काही विचारण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही.

आम्ही राहतो शेफील्डला. माहेर पाच हजार मैलांच्या आसपास लांब. मग माहेरालाच इकडे आणायचं ठरलं. सासूबाईंचं तिकीट काढलं ते डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीचं. डोहाळजेवण मंडळातल्या बायकांनी हॉलमध्ये केलं, फुलांची वाडी भरली, बर्फी-पेढ्याच्या वाट्यांत बायकोने बर्फी उचलली. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. मी मुळात इंजिनियर माणूस. कळा मोजायला मी एक एक्सेल शीटसुद्धा तयार करून ठेवलं होतं.

लेक तीन आठवडे आधी आली.

मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास बायको स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "अरे, माझ्या अंगावरून पाणी गेलंय." सासूबाईंचं विमान अजून नऊ दिवसांनी होतं. मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो पाण्याच्या रंगाचा. स्वच्छ आहे की हिरवट? बाळाने आत शी केली असेल तर पाणी हिरवट दिसतं, हे क्लासमध्ये सांगितलेलं होतं, पण त्या क्षणी मला काही म्हणजे काही आठवेना. बायकोनेच मागून उत्तर दिलं, "स्वच्छ आहे सांग." मग बॅग, चार्जर, पाण्याची बाटली, आणि तीन आठवड्यांनी शिकायची म्हणून खोक्यातच राहिलेली बाळाची कार सीट. बाहेर गारांचा पाऊस होता. आमचं घर चढावर. त्या उतारावरून मी गाडी इतकी हळू नेली, की शेवटी कळा देणारी बाईच म्हणाली, "थोडी जोरात चालवलीस तरी चालेल."

पुढचे जवळजवळ बावीस तास मी त्या खोलीत होतो.

बाळंतपणाच्या खोलीत नवऱ्याने करायचं काय, हे कुणी नीट सांगत नाही. पाठ चोळायची. पाणी द्यायचं. तिने "बोलू नकोस" म्हटलं की गप्प बसायचं आणि "बोलत का नाहीस" म्हटलं की बोलायचं. इथे कळा सोसायला नळीतून एक वायू ओढायला देतात, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन. सगळे त्याला 'गॅस अँड एअर' म्हणतात. तो ओढून बायको मध्येच हसायची, आणि पुढच्याच मिनिटाला माझ्या मनगटात नखं रुतवायची. माझं एक्सेल शीट पहाटे तीनपर्यंत टिकलं. तिने एकदा डोळे उघडून फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी फोन खिशात टाकला तो टाकलाच.

आमच्याबरोबर एक वयस्कर मिडवाइफ होत्या. सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते तशीच बाई, फक्त निळ्या गणवेशातली. हात गरम, बोलणं कमी. मी सारखा "मी काय करू?" विचारत होतो. त्या म्हणाल्या, "माझा जन्म झाला तेव्हा माझे वडील पबमध्ये होते. तुम्ही इथे आहात, तेवढं पुरे." मला आजवर वाटायचं, बायकोचा हात धरून उभा राहणारा नवरा ही साहेबाची फार जुनी रीत. तर तसं नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत इथलाही बाप बाहेरच येरझारा घालत असायचा.

बुधवारी दुपारी पाठीत सुई देऊन भूल दिली, त्याने तिला दोन तास झोप लागली. पोटावर पट्टे बांधलेले, यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा कागद सरकतोय. एकशे चाळीस, एकशे पंचेचाळीस. तो आवाज मला पावसात धावणाऱ्या घोड्यासारखा वाटत होता. रात्री साडेनवाच्या सुमारास घोडा अडखळायला लागला. प्रत्येक कळेबरोबर ठोके शंभराच्या खाली जायचे आणि वर यायला वेळ लावायचे. मिडवाइफ बाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

एका मिनिटात खोलीत सात माणसं होती. कुणी धावत नव्हतं, ओरडत नव्हतं, पण कुणी कुणाकडे पाहून हसतही नव्हतं. डॉक्टर पलंगाच्या कडेला वाकल्या आणि म्हणाल्या, बाळ दमतंय, सिझेरियन करावं लागेल, लगेच. मग त्यांनी धोके सांगितले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणखीही काही. त्यांच्या हातात संमतीचा कागद होता.

मी पेनासाठी हात पुढे केला.

आपल्याकडे हे किती स्वाभाविक आहे! ताईच्या वेळी पुण्यात भाऊजींनी सही केली होती, आईच्या ऑपरेशनला मी केली होती. ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेन बायकोला दिलं. ती कुशीवर झोपलेली, एका हातात सलाइन, केस कपाळाला चिकटलेले. तिने विचारलं, "बाळाला धोका कशात कमी आहे?" डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये." तिने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण तिचं पूर्ण नाव. माझा पुढे गेलेला हात मी कुठे ठेवू हे मला कळेना. शेवटी मी उशी सरळ केली.

मला निळा डगला आणि टोपी देऊन तिच्या उशाशी स्टुलावर बसवलं. छातीपासून पुढे पडदा. पूर्ण भूल द्यावी लागली असती तर मला आत येता आलं नसतं. पाठीतल्या भुलीवरच भागलं म्हणून मी आत होतो. पडद्यापलीकडे डॉक्टर हळू आवाजात काही मागत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. बायको म्हणाली, "कुणीतरी पोटात हात घालून कपाट आवरतंय असं वाटतंय." आणि मग कुणीतरी वेळ सांगितली. दहा वाजून सतरा मिनिटं.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

सिनेमात, गोष्टीत, सगळीकडे मूल जन्मतं आणि रडतं. मी त्या रडण्याची वाट पाहत होतो. कोपऱ्यातल्या दिव्याखालच्या टेबलावर दोघं-तिघं वाकलेले दिसत होते. टॉवेलने खसाखसा पुसणारे हात दिसत होते. एकीने इवल्या चेहऱ्यावर मास्क धरला आणि ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. बायकोला पडद्यामुळे आणि आडवं असल्यामुळे काहीच दिसत नव्हतं. ती म्हणाली, "बाळ रडत का नाहीये?"

मी म्हणालो, "रडतंय. हळू रडतंय. सगळं ठीक आहे."

मला काहीही माहीत नव्हतं. मी आयुष्यात एवढं सरळ, एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो. तिच्या कपाळावर हात ठेवून मी तेच पुन्हा म्हणालो, "सगळं ठीक आहे गं." कोपऱ्यातलं मोजणं पाचावर थांबलं. आणि मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला, मग जरा मोठा, मग चांगला रागीट. मिडवाइफ बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी आहे. या, बघा."

इथे बाळाला जन्मतःच दहापैकी गुण देतात, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला. रंग, ठोके, श्वास, हालचाल आणि प्रतिसाद, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन डॉक्टर बाईंची ही पद्धत 1950 च्या दशकापासून जगभर चालते. आमच्या लेकीला पहिल्या मिनिटाला पाच आणि पाचव्या मिनिटाला नऊ मिळाले. आमच्या घरात इतकी झपाट्याने प्रगती आजवर कुणीच केलेली नाही.

नाळेचं टोक मुद्दाम थोडं लांब ठेवलं होतं. कात्री माझ्या हातात दिली. वाटलं होतं त्यापेक्षा चिवट होती, दोनदा दाबावं लागलं. वजन 2.7 किलो. तिला आईच्या गालाशी नेऊन लावलं. बायकोने तिचा वास घेतला आणि डोळे मिटले. अजून टाके घालायचे होते, बायको थंडीने थडथडत होती, म्हणून बाळ माझ्याकडे आलं. शर्ट काढा म्हणाले. उघड्या छातीवर तिला पालथी ठेवली आणि वरून पांघरूण घातलं. अशी ऊब मिळाली की बाळ शांत होतं, श्वास सुधारतो. ती माझ्या छातीवर खरंच शांत झाली. एक कान माझ्या कातडीला चिकटलेला. मला हलायची भीती वाटत होती.

रात्री दोनला मला घरी पाठवलं. वॉर्डात रात्री नवऱ्यांनी थांबायचं नाही असा तिथला नियम. रिकामी कार सीट मागे ठेवून मी एकटाच गाडीत बसलो आणि मग पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. घरी पोहोचून अडीचला फोन लावला. भारतात सकाळचे आठ. आधी सासूबाईंना. त्या रडल्या, मग तिकिटाच्या तारखेवर चिडल्या, मग पुन्हा रडल्या. नंतर आई-बाबांना. आईने शंभर प्रश्न विचारले. वजन किती, रंग कुणाचा, दूध यायला लागलं का, तू जेवलास का. मग फोन बाबांकडे गेला.

बाबा फोनवर कधीच दोन वाक्यांपुढे जात नाहीत. त्यांनी विचारलं, "तू आत होतास?"

"हो बाबा. आतच होतो."

"हातात घेतलंस?"

"हो. लगेच घेतलं."

"बरं केलंस," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुढचे आठ दिवस घरात आम्ही तिघंच. माझी दोन आठवड्यांची पितृत्व रजा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लेकीला घरी आणलं. निघताना नर्सने माझ्या हातात सुयांचा डबा दिला. सिझेरियननंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दहा दिवस रोज एक इंजेक्शन, आणि ते घरी नवऱ्याने द्यायचं! पहिल्या दिवशी मांडीची कातडी चिमटीत धरून मी एवढा वेळ उभा राहिलो की बायको म्हणाली, "आण, मीच घेते." दहाव्या दिवसापर्यंत हात बसला.

आईने व्हिडिओ कॉलवर अळिवाची खीर शिकवली. अळीव किती फुगतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वाट्या भिजवले, आणि ते सकाळी भांड्याबाहेर आले होते. मंडळातल्या काकू आणि वहिनींनी पाळी लावून डबे पाठवले. मेथीची भाजी, मुगाचं वरण, बाजरीची भाकरी, तूप. एका काकूंनी तर बर्फात चालत येऊन डबा दारात ठेवला आणि बाळंतिणीला त्रास नको म्हणून घंटा न वाजवताच गेल्या. सातासमुद्रापार माहेर कसं असतं, ते त्या आठ दिवसांत कळलं. त्या सगळ्यांचे आभार आम्ही नीट मानलेच नाहीत, म्हणून इथे मानतो.

मग सासूबाई आल्या. अर्धी बॅग डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशोपा, आणि उरलेल्या अर्ध्या बॅगेत जुन्या मऊ साड्यांची दुपटी. घरी तपासायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर बाई आणि सासूबाई यांची पहिली भेट बघण्यासारखी होती. बाळाला गुटी द्यायची नाही, सहा महिने दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही, ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "यांना विचार, तेल लावायला तरी परवानगी आहे का?" मालिश चालेल म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा खुलला. धुरीचं मात्र त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी निखाऱ्यावर ओवा टाकला आणि वरच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. शेजारचे आजोबा पायजम्यातच धावत आले. त्यांना डिंकाचा लाडू देऊन परत पाठवलं. धुरी बंद झाली. आजोबा मात्र अजून लाडवाची चौकशी करतात.

बारसंही झालं. आत्या पुण्यात, म्हणून बाळाच्या कानाशी फोन धरला आणि ताईने तिकडून "कुर्रर्र" केलं. आवाज एवढा मोठा होता की बाळ दचकून रडलं. नाव काय ठेवलं ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.

मधे एकदा रात्री दूध पाजताना मी बायकोला ते खोटं सांगून टाकलं. तू विचारलंस तेव्हा बाळ रडत नव्हतं, मला काही माहीत नव्हतं, मी उगाच ठीक आहे म्हणालो. ती म्हणाली, "मला कळलं होतं. तुझा हात बर्फासारखा गार पडला होता." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू तरी काय केलं असतंस? हात काढला नाहीस, तेवढं मला पुरलं."

मंडळात सध्या तिघांच्या घरी पाळणा हलणार आहे, म्हणून त्या तिघा होणाऱ्या बाबांना चार शब्द. कार सीट आधीच बसवून बघा. खायला काहीतरी बरोबर न्या, तिथलं मशीन रात्री नेमकं बंद असतं. एक्सेल शीट करू नका. आणि सहीचा कागद आला तर पेनाला हात लावू नका, तिला विचारायचे प्रश्न तिला विचारू द्या. तुम्हाला आत काही करता येणार नाही, हे आधीच मान्य करून जा. तरी जा.

जूनमध्ये आई-बाबा आले. बाबांनी विमानतळावरच लेकीला घेतलं आणि घर येईपर्यंत त्यांचं तिच्या कार सीटच्या पट्ट्यावरून लक्ष हटलं नाही. एका रात्री ती झोपेना. मी खाली आलो तर बाबा तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभे. इकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मी म्हटलं, "द्या, मी घेतो." त्यांनी दिली नाही. मग, मी न विचारताच, बोलायला लागले.

"तार आली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. रजा मिळाली ती एकदम बारशाची. महालक्ष्मीने कराडला उतरलो. तुला पाहिलं ते लांबून, पाळण्यात. माझे वडील होते, तुझे आजोबा होते. वडीलधाऱ्यांसमोर आपलंच मूल उचलून घ्यायचं नाही, अशी पद्धत. मी ओसरीवर पुरुषांत बसलो, आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी परत मुंबई."

"मग मला घेतलं कधी?"

"तीन महिन्यांनी, तुम्हाला न्यायला आलो तेव्हा. कराड स्टेशनावर. गाडी थांबते दोन मिनिटं, सामान सहा डाग. तुझ्या आईला डब्यात चढायचं होतं, तिने घाईत तुला माझ्या हातात कोंबलं. ते पहिल्यांदा."

लेक त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तरी ते हळूहळू थोपटतच होते.

"मग दादर येईपर्यंत खाली ठेवलं नाही," म्हणाले.

"आणि आई?"

"ती समोरच्या बाकावर झोपली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर."